मॅक १ म्हणजे ताशी किती किलोमीटर? वेगाच्या एककांचा तक्ता करतेय, मदत हवी

उजळणी
नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यात आठवी ते दहावीच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या मुलांना गणित-विज्ञान शिकवते. वर्गाच्या भिंतीवर लावायला वेगाच्या एककांचा एक मोठा तक्ता करायला घेतलाय. सरळ भाग झालाय, तो असा:

१ मी/से = ३.६ किमी/तास
१ किमी/तास = ५/१८ मी/से
१ मैल/तास = १.६०९३४४ किमी/तास
१ फूट/से = ०.३०४८ मी/से
१ नॉट = १.८५२ किमी/तास

५/१८ मुलांना पाठच असतं. आगगाडीची उदाहरणं सोडवताना १८ ला ५, ३६ ला १०, ५४ ला १५, ७२ ला २०, ९० ला २५ असं म्हणायला लावते. मग ७२ किमी वेगाची २४० मीटर लांब गाडी ३६० मीटरचा फलाट ओलांडते म्हटलं की ६०० भागिले २०, म्हणजे ३० सेकंद, हे कागद न घेता जमतं.

अडलंय ते शेवटच्या ओळीवर. एका विद्यार्थ्याने विचारलं, मॅक १ म्हणजे किती? त्याने तीन ठिकाणी तीन आकडे पाहिले होते: १,२३५, १,२२५ आणि १,०६२ किमी/तास. ब्रह्मोसचा वेग मॅक २.८ असं वाचून त्याने गुणाकार केला, तर पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात जवळजवळ ५०० किमीचा फरक आला. इतका मोठा फरक एककं बदलताना कसा येईल, हा त्याचा प्रश्न रास्त आहे. तक्त्यात कुठला आकडा लिहू?

कट्टेकरी
वाचतोय. माझ्या मते १,२३५ लिहून मोकळं व्हा. पोरांना परीक्षेत एकच आकडा लागतो.

ओझरकर
उजळणीताई, तुमच्या विद्यार्थ्याने मुळावरच बोट ठेवलंय. त्याला शाबासकी द्या.

नाशिकजवळ विमानांच्या देखभालीत माझी सगळी नोकरी झाली, म्हणून या विषयावर जरा सविस्तर लिहितो. तुमच्या यादीतली वरची पाचही रूपांतरं व्याख्येनेच ठरलेली आहेत. मैल, फूट, सागरी मैल (तासाला एक सागरी मैल म्हणजे एक नॉट) या लांब्या मीटरमध्ये नेमक्या बांधून टाकल्या आहेत. फूट आणि मैलाचं १९५९ साली इंग्रजी भाषक देशांनी ठरवलं, सागरी मैलाचं १९२९ साली मोनॅकोच्या परिषदेत ठरलं. त्यामुळे ते गुणक कुठेही, केव्हाही तेच राहतात. लडाखमध्ये नॉट लहान होत नाही.

मॅक मात्र या यादीत बसतच नाही, कारण ते एकक नाहीच, ते गुणोत्तर आहे. वस्तूचा वेग भागिले ती वस्तू ज्या हवेत आहे त्या हवेतला ध्वनीचा वेग. खालचा आकडा बदलला की सगळं बदलतं. आणि हवेतला ध्वनीचा वेग जवळजवळ पूर्णपणे तापमानावर ठरतो. सूत्र लक्षात ठेवायला सोपं आहे:

ध्वनीचा वेग (मी/से) = २०.०५ × √(केल्विनमधलं तापमान, म्हणजे सेल्सिअस + २७३.१५)

त्यावरून हे आकडे:

४५° से. : ३५७.६ मी/से, १,२८७ किमी/तास
३०° से. : ३४९ मी/से, १,२५७ किमी/तास
२०° से. : ३४३ मी/से, १,२३५ किमी/तास
१५° से. : ३४०.३ मी/से, १,२२५ किमी/तास
०° से. : ३३१.३ मी/से, १,१९३ किमी/तास
उणे ५६.५° से. : २९५ मी/से, १,०६२ किमी/तास

तुमचे तिन्ही आकडे इथे सापडतील. १,२३५ हा २० अंशाच्या खोलीतला. १,२२५ हा विमानशास्त्रात जे 'प्रमाण वातावरण' धरतात त्याच्या समुद्रसपाटीचा, तिथे तापमान १५ अंश मानलंय. १,०६२ हा त्याच प्रमाण वातावरणात ११ किमी उंचीचा. तिथपासून २० किमीपर्यंत तापमान उणे ५६.५ वर स्थिर धरतात.

ब्रह्मोस १५ किमी उंचीवरूनही जाऊ शकतं आणि लक्ष्याजवळ पाण्यापासून जेमतेम १० मीटरवरही येतं. मॅक २.८ खाली धरलं तर ३,४३० किमी/तास, वर धरलं तर २,९७४. कुठल्या उंचीवरचा मॅक हे सांगितल्याशिवाय किमीत उत्तर देता येत नाही.

कट्टेकरी
पण व्यवहारात कोण तापमान बघत बसतं? रोजच्या कामाला एक ढोबळ आकडा पुरे.

चंद्रपूरची
आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंश म्हणजे नेहमीचंच. वरच्या कोष्टकाप्रमाणे १,२८७. डिसेंबरच्या पहाटे महाबळेश्वरला १० अंश असेल तर ३३७ मी/से, म्हणजे १,२१५. एकाच राज्यात ७० किमीचा फरक. पण एक शंका आहे. महाबळेश्वर उंचावर आहे, हवा विरळ आहे, म्हणून ध्वनी हळू जातो असं आम्हाला शिकवलं होतं. तापमानाचा त्याच्याशी काय संबंध?

ओझरकर
हा समज फार पसरलेला आहे, म्हणून नीट सांगतो. ध्वनीचा वेग दाब भागिले घनता यांच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. उंचावर दाब कमी होतो, हे खरं. पण तापमान तेच राहिलं तर घनताही त्याच पटीत कमी होते. भागाकार तसाच राहतो. महाबळेश्वरला आणि अलिबागला एकाच वेळी २० अंश असेल, तर दोन्हीकडे ध्वनी ३४३ मीटरनेच जाईल. वर गेल्यावर वेग उतरतो तो थंडीमुळे. दमट हवेत तो किंचित वाढतो, कारण पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. पण तो फरक टक्काभरही नसतो.

जुनं पान
ओझरकरांनी दाब आणि घनतेचं सूत्र काढलंच आहे, तर त्यामागची गोष्ट सांगायलाच हवी. मुलांना ती नक्की आवडेल.

न्यूटनने नेमका हाच भागाकार करून ध्वनीचा वेग काढला होता. त्याचं उत्तर आलं सेकंदाला ९७९ फूट, म्हणजे २९८ मी/से. पण प्रत्यक्ष मोजणी त्याच्या विरोधात होती. विल्यम डेरहॅम या इंग्लिश पाद्र्याने तोफेचा जाळ दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचा वेळ मोजून १,१४२ फूट, म्हणजे ३४८ मी/से असा आकडा काढला होता. न्यूटनचा आकडा जवळजवळ १५ टक्क्यांनी कमी पडत होता आणि कारण शंभर वर्षं कोणाला नीट सांगता येईना.

ते सांगितलं फ्रेंच गणिती लाप्लासने १८१६ साली. ध्वनीची लाट जाताना हवा दाबली जाते, पसरते, पुन्हा दाबली जाते, आणि हे इतक्या झपाट्याने होतं की दाबल्याने तयार झालेली उष्णता बाहेर पडायला वेळच मिळत नाही. न्यूटनने तापमान स्थिर धरलं होतं. ते स्थिर राहत नाही म्हटल्यावर सूत्रात १.४ हा गुणक शिरतो आणि त्याचं वर्गमूळ १.१८३ येतं. शून्य अंशाला न्यूटनच्या पद्धतीने २८० मी/से येतात. त्याला १.१८३ ने गुणा, ३३१ येतात. नववीच्या मुलालाही हा गुणाकार करता येतो, आणि त्यामागे शंभर वर्षांचं कोडं आहे हे कळल्यावर ३३१ हा आकडा तो विसरणार नाही.

उजळणी
जुनं पान, हे वर्गात सांगणारच. ओझरकर, एक प्रश्न. पुस्तकात २२ अंशाला ३४४ मी/से धरून प्रतिध्वनीचं अंतर १७.२ मीटर काढतात. मी मुलांना ३३१ अधिक ०.६ गुणिले तापमान असंही सांगते. ते चालेल ना?

ओझरकर
रोजच्या तापमानाला उत्तम चालतं. २२ अंशाला ३३१.३ + १३.२ = ३४४.५. फक्त खूप थंडीत ते सरळ रेषेचं सूत्र थोडं जास्त सांगतं. उणे ५६.५ ला ते २९७ पेक्षा थोडं वर जातं आणि खरा आकडा २९५ आहे. विमानाचा हिशोब असेल तेव्हा वर्गमूळच घ्यावं.

न्यूजर्सीकर
वीज चमकल्यावर आवाज येईपर्यंत सेकंद मोजायची सवय इथल्या मुलांनाही आहे. पण इथे पाच सेकंदांना एक मैल मोजतात आणि माझ्या आईने शिकवलं होतं तीन सेकंदांना एक किलोमीटर. दोन्ही एकच. ३४३ × ३ = १,०२९ मीटर आणि ३४३ × ५ = १,७१५ मीटर, मैल १,६०९ मीटरचा. तीन सेकंदांचा नियम जास्त नेमका बसतो.

मैल आणि किलोमीटरची तोंडी युक्ती सांगतो, तक्त्याच्या कोपऱ्यात बसेल. हेमचंद्र-फिबोनाची संख्या (प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज) घ्या: १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५, ८९. शेजारशेजारच्या दोन संख्यांचं गुणोत्तर १.६१८ कडे जातं आणि मैल आहे १.६०९ किमीचा. म्हणून ३४ मैल म्हणजे ५५ किमी, ५५ मैल म्हणजे ८९ किमी. मधली संख्या असेल तर फोडायची. रस्त्यावर ६५ मैलांची पाटी दिसली की ५५ + ८ + २ करा, उत्तर ८९ + १३ + ३ = १०५. खरं उत्तर १०४.६. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी मात्रावृत्तांच्या रचना मोजताना या संख्या मांडल्या होत्या, हेही मुलांना सांगा.

चंद्रपूरची
६५ चं फोडून दाखवलेलं फार छान. आत्ताच ७० करून पाहिलं: ५५ + १३ + २, म्हणजे ८९ + २१ + ३ = ११३. खरं ११२.६५.

यॉर्कर
क्रिकेट कसं सुटलं अजून? २२ फेब्रुवारी २००३, केपटाऊन, विश्वचषक, इंग्लंडविरुद्ध शोएब अख्तरचा १६१.३ किमीचा चेंडू. त्याचं महत्त्व मैलात आहे. १०० मैल म्हणजे १६०.९३ किमी, म्हणून १६१.३ ला १००.२ मैल होतात. गोलंदाजाने १६० टाकला तर आपल्या पडद्यावर गोल आकडा दिसतो, पण मैलात तो ९९.४ वरच थांबतो.

मुलांना यातलं मी/से करायला लावा. १६१.३ × ५/१८ = ४४.८ मी/से. दोन्ही पॉपिंग क्रीजमधलं अंतर ५८ फूट, म्हणजे १७.७ मीटर. फलंदाजाकडे ०.४ सेकंदाच्या आत-बाहेर वेळ. प्रत्यक्षात थोडा जास्त मिळतो, कारण स्पीडगन चेंडू हातातून सुटतानाचा वेग दाखवते आणि पुढे हवेत आणि टप्प्यावर तो मंदावतो. किमी/तास ऐकून भीती कळत नाही, मी/से केल्यावर कळते.

दर्यावर्दी
मर्चंट नेव्हीत आहे, नॉटबद्दल लिहितो.

लोकांना वाटतं १.८५२ हा काहीतरी विचित्र, जुनाट आकडा आहे. उलट तो फार सुंदर हिशोबातून येतो. पृथ्वीचा परीघ ३६० अंश, प्रत्येक अंशात ६० मिनिटं, एकूण २१,६०० मिनिटं. एका मिनिटाला एक सागरी मैल. दुसरीकडे मीटर ठरवतानाच विषुववृत्त ते ध्रुव हे अंतर एक कोटी मीटर धरलं होतं, म्हणून पूर्ण फेरा ४०,००० किमी. आता ४०,००० ला २१,६०० ने भागा. १.८५१८ येतं. तो सागरी मैल.

याचा फायदा नकाशावर कळतो. मुंबई बंदर १८ अंश ५५ मिनिटांच्या आसपास, मुरगाव १५ अंश २५ मिनिटांच्या आसपास. फरक साडेतीन अंश, म्हणजे २१० मिनिटं, म्हणजे उत्तर-दक्षिण २१० सागरी मैल. जहाज १५ नॉटने चाललं तर १४ तास. एकही रूपांतर करावं लागलं नाही. नकाशाच्या कडेच्या अक्षांशाच्या पट्टीवर कर्कटक लावून अंतर उचलायचं आणि वेगाने भागायचं. जमिनीवर किमी सोयीचा असेल, गोल पृथ्वीवर अक्षांश-रेखांशाने चालणाऱ्यांना नॉटच सोयीचा. विमानंही म्हणूनच नॉट वापरतात.

पूर्वी वेग मोजायचा तो दोरीने. फळी बांधलेली दोरी मागे सोडायची, दोरीला ४७ फूट ३ इंचांवर गाठी, २८ सेकंदांची वाळूची घडी उलटायची आणि तेवढ्यात किती गाठी हातातून गेल्या ते मोजायचं. ४७.२५ भागिले २८ करून फुटांचे मीटर करा, बरोबर ०.५१४ मी/से येतं. म्हणजे एक नॉट.

तोंडी युक्ती हवी असेल तर नॉटचे मी/से करायला निम्मे करा. किमी/तास करायला दुप्पट करून शंभराला साडेसात वजा करा. ४० नॉट, दुप्पट ८०, वजा ६, झाले ७४. खरं उत्तर ७४.०८.

पर्जन्यवेध
दर्यावर्दींच्या पुढे. चक्रीवादळाच्या बातम्यांत ६२, ८९, ११८, १६७, २२२ असे किमीचे अर्धवट आकडे येतात आणि लोक विचारतात की ६० किंवा ९० का नाही ठेवलं? कारण भारतीय हवामान विभागाच्या श्रेणी नॉटमध्ये आखलेल्या आहेत. ३४ नॉटपासून चक्रीवादळ, ४८ पासून तीव्र, ६४ पासून अतितीव्र, ९० पासून त्याच्याही वरची पायरी आणि १२० पासून महाचक्रीवादळ. ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलेलं निसर्ग हे ४८ ते ६३ नॉटच्या श्रेणीतलं होतं. श्रीवर्धन, मुरुड, दापोलीतल्या नारळी-पोफळीच्या वाड्यांचं काय झालं ते आपण पाहिलंय, त्यामुळे ही श्रेणी कमी समजू नका.

आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. एकाच वादळाला अमेरिकी संस्था जास्त वेग सांगते आणि आपला हवामान विभाग कमी. यात एकक बदलण्याची चूक नसते. आपल्याकडे तीन मिनिटांची सरासरी घेतात, त्यांच्याकडे एका मिनिटाची. वारा झटक्याने येतो, म्हणून जितका कमी वेळ घ्याल तितका सर्वांत मोठा आकडा वर जातो. दोन आकडे जुळत नसतील तर गुणक तपासण्याआधी मोजण्याची पद्धत तपासावी.

हर्णैचा नाखवा
आमच्या बोटीवर फिशफाइंडर आहे. तो पाण्यात आवाज सोडतो आणि तळावरून परत यायला किती वेळ लागला त्यावरून खोली सांगतो. आम्ही खोली वावात बोलतो, एक वाव सहा फुटांचा. पाण्यात आवाज हवेपेक्षा कितीतरी पट जोरात जातो असं ऐकलंय. नक्की किती?

जुनं पान
नाखवा, गोड्या पाण्यात २० अंशाला सुमारे १,४८० मी/से आणि समुद्रात साधारण १,५००. हवेच्या चौपटीपेक्षा जास्त. किमीत म्हणाल तर ताशी ५,४००.

हे पहिल्यांदा नीट मोजलं १८२६ साली जिनिव्हाच्या सरोवरात. कोलॅडॉन आणि स्टर्म या दोघांनी रात्री दोन नावा लांब उभ्या केल्या. एका नावेवरून पाण्यात बुडवलेल्या घंटेवर टोला पडला की त्याच क्षणी वर बंदुकीची दारू पेटायची. दुसऱ्या नावेवर पाण्यात लांब कर्णा घालून ऐकत बसायचं. जाळ दिसल्यापासून टोला ऐकू येईपर्यंतचा वेळ मोजायचा. अंतर १३,४८७ मीटर, वेळ ९.४ सेकंद. भागाकार १,४३५ मी/से. ते पाणी ८ अंशाचं होतं, म्हणून आकडा १,४८० पेक्षा कमी. म्हणजे पाण्यातही तापमान आहेच!

हर्णैचा नाखवा
मग आमच्या दर्यात तर पाणी गरम. यंत्र खोली चुकीची दाखवत असेल काय?

दर्यावर्दी
नाखवा, थोडासा फरक पडतो, पण तुमच्या बाजूने पडतो. अशी यंत्रं बहुधा १,५०० मी/से धरून लावलेली असतात. अरबी समुद्राचं वरचं पाणी २८-२९ अंशाचं आणि चांगलं खारट असलं की त्यात आवाज सुमारे १,५४० ने जातो. यंत्राने २० वाव दाखवलं तर खरी खोली साडेवीसच्या आसपास. खोली दाखवल्यापेक्षा जरा जास्तच असते, त्यामुळे बोट टेकण्याचा धोका यातून येत नाही. मोठ्या जहाजांवर सर्वेक्षण करताना मात्र पाण्याचं तापमान आणि खारटपणा मोजून हा आकडा दुरुस्त करतात.

कट्टेकरी
धागा मस्त रंगलाय. पण माझा मुद्दा अजून उभा आहे. हवेत ५-७ टक्के इकडेतिकडे झाल्याने असं काय बिघडतं? १,२३५ लिहा, खाली 'सुमारे' लिहा.

ओझरकर
कट्टेकरी, वीज किती लांब पडली हे मोजताना काहीच बिघडत नाही. पण मॅकची सगळी मजा १ च्या आसपास आहे आणि तिथे हे टक्के निकालच फिरवतात. दोन खऱ्या नोंदी देतो, हिशोब तुम्हीच करा.

१५ ऑक्टोबर १९९७. अमेरिकेतलं नेवाडाचं ब्लॅक रॉक वाळवंट. अँडी ग्रीनने थ्रस्ट एसएससी ही जेट इंजिनांची मोटार ७६३.०३५ मैल/तास, म्हणजे १,२२८ किमी/तास वेगाने चालवली. जमिनीवर ध्वनीचा वेग ओलांडणारी पहिली अधिकृत नोंद. आता तुमचा १,२३५ घ्या. १,२२८ भागिले १,२३५ म्हणजे ०.९९४. तुमच्या तक्त्याप्रमाणे त्याने ध्वनीचा वेग ओलांडलाच नाही! प्रत्यक्षात तो मॅक १.०२ च्या आसपास होता, कारण वाळवंटातली ती हवा थंड होती. उलटा हिशोब केला तर ध्वनीचा वेग १,२०८ किमीच्या आसपास, म्हणजे ३३५-३३६ मी/से, म्हणजे ७-८ अंश तापमान.

१४ ऑक्टोबर २०१२. फेलिक्स बाउमगार्टनरने जवळजवळ ३९ किमी उंचीवरच्या फुग्यातून उडी घेतली. सर्वाधिक वेग १,३५७.६ किमी/तास, मॅक १.२५. तुमच्या आकड्याने १.१ येतो. १,३५७.६ ला १.२५ ने भागा, १,०८६ किमी येतात, म्हणजे ३०२ मी/से. हा वेग आला त्या उंचीवरची थंडी त्या आकड्यात दिसते.

आणि विमानाच्या दृष्टीने मॅक हीच खरी गोष्ट आहे. पंखांवरून जाणारी हवा कधी ध्वनीच्या वेगाला पोचते, आघात लाट (हवेच्या दाबाची अचानक उठणारी लाट) कधी उभी राहते, विमान कधी थरथरायला लागतं, हे सगळं मॅकवर ठरतं, किमीवर नाही. १९४७ साली चक येगरने बेल एक्स-१ या विमानातून मॅक १.०६ गाठला तेव्हा वेग ७०० मैल/तास होता. समुद्रसपाटीला तोच वेग ध्वनीच्या खालीच राहिला असता, तिथे ध्वनी ७६१ मैलांनी जातो. म्हणून वैमानिकापुढे नॉटही असतात आणि मॅकही. खाली नॉट पाहायचे, वर गेलं की मॅक.

न्यूजर्सीकर
याच्या उलट्या बाजूची बातमी आठवली. फेब्रुवारी २०१९ मध्ये लॉस एंजेलिसहून लंडनला निघालेल्या एका बोइंग ७८७ चा वेग पेनसिल्व्हेनियावर ८०१ मैल/तास नोंदला गेला. १,२८९ किमी! इथे काहींनी लगेच लिहिलं की प्रवासी विमानाने ध्वनीचा वेग मोडला. मोडला नव्हता ना?

ओझरकर
अजिबात नाही. तो जमिनीच्या सापेक्ष वेग होता. त्या दिवशी मागून ताशी २०० मैलांहून जास्त वेगाचा जेट प्रवाह (उंचावरचा जोराचा वारा) होता. विमान स्वतः त्या हवेत नेहमीच्याच मॅक ०.८५ च्या आसपास जात होतं. मॅक आसपासच्या हवेच्या सापेक्ष मोजतात, त्यामुळे हवा स्वतः पुढे वाहत असेल तर जमिनीवरून दिसणारा वेग कितीही वाढू शकतो. मॅक ०.८५ प्रमाण वातावरणात ११ किमीवर ९०३ किमी/तास, ४८८ नॉट होतो. छोट्या विमानांचा मॅक ०.७८ म्हणजे ८२८ किमी, ४४७ नॉट. उरलेलं वाऱ्याचं.

प्रमाण वातावरण हेही एक मान्य केलेलं सरासरी चित्र आहे, हे लक्षात असू द्या. आपल्या उष्ण कटिबंधात तापमान १६-१७ किमीपर्यंत उतरत जातं आणि उणे ७५-८० पर्यंत पोचतं. तिथे मॅक १ म्हणजे १,००० ते १,०१५ किमीच.

जुनं पान
मुलांसाठी आणखी एक उदाहरण, यात मॅक नाही. २७ ऑगस्ट १८८३ ला क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला. त्याचा आवाज हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटावर, सुमारे ४,८०० किमीवर, तोफांच्या भडिमारासारखा ऐकू आला. तिथे पोचायला त्याला सुमारे चार तास लागले. ४,८०० भागिले ४, ताशी १,२०० किमी. वर्गात बसून मुलं हा भागाकार करतील आणि ओझरकरांच्या कोष्टकाशी ताडून पाहतील.

कट्टेकरी
थ्रस्ट एसएससीचं उदाहरण पटलं. उजळणीताई, तापमानाचा रकाना ठेवाच. परीक्षेसाठी मात्र ठळक लिहा की प्रश्नात ध्वनीचा वेग दिला असेल तर तोच घ्यायचा.

उजळणी
तसंच करते. तक्त्याचे दोन भाग ठेवते. डावीकडे कायमचे गुणक. उजवीकडे ध्वनीचा वेग, तापमानासह, आणि वर मोठ्या अक्षरात 'मॅक विचारलं तर आधी तापमान विचारा'. शेवटची एक शंका. त्याच मुलाने विचारलंय, आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचा वेग मॅक किती?

ओझरकर
स्थानक सेकंदाला ७.६६ किमी जातं. ३,६०० ने गुणा, ताशी सुमारे २७,६०० किमी. त्याला १,२२५ ने भागून मॅक २२-२३ असं लिहिलेलं दिसतं, पण त्या भागाकाराला अर्थ नाही. ४०० किमी उंचीवर हवा इतकी विरळ आहे की आपण ज्याला आवाज म्हणतो तो तिथे चालतच नाही. म्हणून अवकाशातले वेग किमी/सेकंदातच सांगावेत. तिथून एखादं यान पृथ्वीवर परत येताना दाट हवेत शिरलं की मॅकला पुन्हा अर्थ येतो. अवकाशयानं परतताना मॅक २५ च्या आसपास म्हणतात ते त्या टप्प्याचं.

उजळणी
मग त्या ओळीत मॅकचा रकाना कोरा ठेवते आणि का कोरा आहे ते त्यालाच सांगायला लावते. ४०,००० भागिले २१,६०० तक्त्यात छापणार नाही. ते मुलांनी फळ्यावर स्वतः करायचं.